पावसाळ्यात मीटर बंद, दिवाळीत चालू: बदलण्याआधी हे मोजून घ्या

गाडी सुरू होते, एसी गार हवा देतो, आणि समोरचा मीटर मात्र काळाठिक्कर. पुढच्या स्पीडब्रेकरवर धक्का बसला की परत जिवंत होतो. काटे शून्यावरून उसळी मारून जागेवर येतात. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम पेटतात आणि थोड्या वेळानं आपोआप विझतात. जून ते सप्टेंबर ही तक्रार घेऊन गाडी आली नाही असा माझा आठवडा जात नाही. भांडुपला माझं छोटं गॅरेज आहे आणि बावीस वर्षं मी फक्त गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय. येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात आधीच एक कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘मीटर असेंब्ली बदलणे’, आणि खाली पंचवीस-तीस हजारांचा आकडा.

त्या कागदाला हो म्हणण्याआधी मीटरला वीज नीट पोचते का, आणि ती परत जायची वाट मोकळी आहे का, हे मोजून घ्या. अंदाजानं नको, नुसतं हलवून बघून नको, मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं छोटं यंत्र) लावून मोजून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत खराबी बहुतेक वेळा मीटरच्या बाहेरच सापडते. मग नवा मीटर बसवला तरी पुढच्या जुलैत तोही तसाच वागतो.

जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत गिअरबॉक्सपासून एक केबल यायची आणि तीच वेगाचा काटा फिरवायची. प्रत्येक काट्याची वायर वेगळी, त्यामुळे बिघाडही एकेकटा यायचा. आताचा मीटर म्हणजे एक छोटा संगणक आहे. त्याला बॅटरीकडून कायमची वीज लागते, चावी फिरवल्यावर येणारी दुसरी वीज लागते आणि वीज बॅटरीकडे परत नेणारं अर्थिंग लागतं. वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान ही माहिती त्याला दोन वायरींवरून मिळते. त्या जोडीला कॅन म्हणतात. म्हणून आता एक जोड सैल झाला की सगळा मीटर जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं मीटरच मेला.

आधी लक्षण नीट बघा

माझ्याकडे कुणी आलं की मी बॉनेट उघडत नाही, आधी प्रश्न विचारतो. बंद पडतो तेव्हा मीटरमागचा उजेडही जातो का? किलोमीटरचे आकडे राहतात का? पाऊस होता का? हेडलाइट लावल्यावर होतं की वळताना? तुम्हीही पुढच्या वेळी गाडी बाजूला घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. गॅरेजमध्ये आल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते हा अनुभव सगळ्यांचा आहे. त्या वेळी वीस सेकंदांचा व्हिडिओ वायरमनचे दोन तास वाचवतो.

उजेडासकट सगळंच गेलं तर वीज किंवा अर्थिंग. उजेड आहे, आकडे आहेत, पण काटे पडले आणि दिवे पेटले, तर चावीची वीज किंवा कॅन. एकच काटा चुकतोय, तर त्याचा सेन्सर, त्याची वायर, नाहीतर मीटरमधली त्या काट्याची मोटर. एवढ्यावरूनच अर्धी गाडी बाजूला पडते.

आणखी एक लक्षण मी आवर्जून बघतो. चावी ऑन करून इंडिकेटर लावा आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघा. काटा इंडिकेटरच्या तालावर किंचित हलत असेल, किंवा हेडलाइट लावल्यावर मीटर मंद होऊन काटे सरकत असतील, तर मीटर तिथेच ठेवा आणि अर्थिंग शोधायला लागा.

बॅटरीचं लवकर आटपू. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत, काही नव्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मुद्दाम कमीजास्त केला जातो, तिथे थोडा फरक दिसेल. स्टार्ट मारताना मीटर क्षणभर विझून किलोमीटरची ट्रिप शून्य होत असेल तर आधी टर्मिनल घासून घट्ट करा, मगच बाकी सगळं. फ्यूजबाबत एवढंच की नुसता डोळ्यानं बघू नका. पावसात फ्यूजचे पाय हिरवट होतात, तार शाबूत दिसते आणि वीज मात्र पुढे जात नाही. चावी ऑन ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नका, वायर जळेल.

मुलुंडच्या बाईंची गाडी

एका शाळेतल्या बाई दोन वर्षांपूर्वी जुलैत हॅचबॅक घेऊन आल्या. आदल्या पावसाळ्यातही त्यांचा मीटर असाच बंद पडत होता. ऑक्टोबर लागला आणि गाडी बरी झाली. तोवर एकीकडे नवी बॅटरी बसवून झाली होती, दुसरीकडे ‘सेन्सर साफ केला’ म्हणून पैसे घेऊन झाले होते, आणि आता तिसरीकडून मीटर बदलायचा कागद मिळाला होता. त्या म्हणाल्या, “दादा, मीटर बदलायचाच असेल तर बदला, पण परत बंद पडणार नाही असं सांगा.” तसं सांगण्यासाठी मला आधी कारण हातात हवं होतं.

इंडिकेटर लावला. पेट्रोलचा काटा तालावर हलला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, पाच मिनिटं थांबलो, मग मीटर सोडवून पुढे ओढला. घाईत हे थांबणं सोडू नका. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, आणि तिच्या पिवळ्या कपलरला, म्हणजे वायरींच्या प्लगला, मल्टीमीटर लावायचाच नाही. मीटरचा कपलर मागे लावलेलाच ठेवून बॅटरी परत जोडली. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घेतला, काळी प्रोब, म्हणजे मल्टीमीटरची टोकदार काडी, लांब वायरनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब कपलरच्या मागून अर्थच्या पिनवर. चावी ऑन, बाकी सगळं बंद: ०.३ व्होल्ट. इथे आकडा ०.१ च्या आत हवा. मग पार्किंग लाइट लावले, ब्लोअर पूर्ण सोडला. आकडा १.६ वर गेला. डाव्या बाजूची वायरींची जुडी हातानं हलवली, आणि मीटर विझला.

हेच अर्थिंग दोन्ही ठिकाणच्या लोकांनी तपासलं होतं, असं बाई सांगत होत्या. तपासलं असेलही. मल्टीमीटरचा बझर लावला, टूं वाजलं, पुढे गेले. बझर इथे फसवतो, आणि का ते समजून घ्या. ब्लोअर पूर्ण वेगात पंधरा अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. अर्थच्या बोल्टवर गंजामुळे फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला तरी १५ गुणिले ०.१, म्हणजे दीड व्होल्ट तिथेच अडतो. त्याच बोल्टवर मीटरची अर्थ वायर असेल तर मीटरच्या दृष्टीनं जमीनच दीड व्होल्ट वर उचलली जाते. ०.१ ओहम एवढा तर साध्या मल्टीमीटरच्या प्रोबचाच रेझिस्टन्स असतो, त्यामुळे ओहममध्ये मोजून हा दोष दिसणार नाही. करंट वाहत असताना व्होल्टेज मोजा, तरच दिसेल. ही एक मोजणी तुमच्या वायरमनकडून मागून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

डाव्या सीटच्या पुढचं, पायाशेजारचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. कारपेटवर हात ठेवला तर वरून कोरडं. उचलल्यावर खालचा फोम पिळला तर पाणी निघालं. तिथल्या अर्थच्या बोल्टवर तीन वायरींचे थिंबल, म्हणजे टोकाच्या कड्या, एकावर एक बसवलेले, मधला मोरपंखी हिरवा, आणि बोटानं ढकलला तर फिरत होता.

पाणी आलं कुठून? बाईंची गाडी सोनमोहराखाली उभी असते. मुंबईत कितीतरी गल्ल्यांत सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष आहेत. दोघांचीही पानं बारीक. ती सोनमोहराच्या पिवळ्या फुलांसकट वायपरखालच्या जाळीतून आत पडतात आणि पाणी जायची भोकं बुजवतात. मग काचेवरून ओघळणारं पाणी तिथे तुंबतं आणि ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून केबिनमध्ये उतरतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डावीकडे असतो, म्हणून डावा कोपरा आधी भिजतो. त्या भोकांतून मी ओंजळभर काळा चिखल काढला.

बोल्ट आणि पत्रा घासून लखलखीत केला, तिन्ही थिंबल नवे लावले, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि वरून व्हॅसलीन फासलं. हे आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही. कारपेट दोन दिवस उचलून ठेवला. मोजलं: ब्लोअर पूर्ण, लाइट चालू, ०.०४ व्होल्ट. मीटर बदलावा तर नाहीच, आतून उघडावासुद्धा लागला नाही.

केबिनमध्ये पाणी यायची दुसरी नेहमीची जागा म्हणजे एसीची ड्रेन नळी. ती तुंबली की एसीचं पाणी बाहेर रस्त्यावर ठिबकायचं थांबतं आणि कारपेटखाली जातं. भर मे महिन्यात एसी लावून गाडी उभी केली आणि खाली थेंबसुद्धा नाही, तर नळी बघा.

कॅनची जोडी

वीज बरोबर, अर्थिंग बरोबर, तरी काटे पडतायत, तर कॅनकडे वळा. बॉश या जर्मन कंपनीनं ही पद्धत १९८६ मध्ये जगासमोर आणली आणि आज जवळपास प्रत्येक गाडीत ती आहे. एकमेकींभोवती वेणीसारख्या पिळलेल्या दोन वायरी, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी कपलर, म्हणजे तपासणीचं यंत्र जोडायची जागा, असते. बॅटरी काढून काही मिनिटं थांबा आणि सहा व चौदा नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर जोडी शाबूत. १२० आले तर कुठेतरी एक टोक सुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्यात. काही गाड्यांत दोनपैकी एक रेझिस्टर मीटरच्या आतच असतो, म्हणून मीटरचा कपलर काढल्यावर १२० दिसले तर घाबरू नका. आणि मध्ये गेटवे, म्हणजे निरोप पुढे पाठवणारा संगणक, असलेल्या गाड्यांत ही मोजणी गेटवेपर्यंतच्याच वायरींची असते. पुढचं थेट मीटरच्या कपलरवर मोजावं लागतं.

स्कॅनर लावल्यावर यू अक्षराचे कोड आले तर ते ‘बोलणं तुटलं’ असं सांगतात. यू०१५५ म्हणजे गाडीतल्या दुसऱ्या छोट्या संगणकांना, म्हणजे कंट्रोलरना, मीटर ऐकू येत नाही. यू०१०० म्हणजे ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ऐकू येत नाही. मी बघतो की तक्रार कोण कोणाची करतोय. सगळे मिळून मीटरचं नाव घेत असतील तर मीटरची वीज, अर्थिंग किंवा मीटरकडे जाणारी कॅनची फांदी. मीटर एकटाच सगळ्यांची तक्रार करत असेल तरी तेच. पण यू०१५५ आला म्हणून मीटर खराब झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. हा कोड दाखवून मीटर विकला जातो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कॅन तुटण्याचं मुंबईतलं मोठं कारण उंदीर. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की ते गरम इंजिनाजवळ येतात. कुरतडलेली कॅनची वायर जोडताना पीळ कायम ठेवा, सोल्डर करा आणि हीट श्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड पुढच्या पावसात मला परत उघडायला लागतो.

दुसरं कारण आपणच घालून घेतलेलं: जास्तीच्या वस्तू. रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, जीपीएस, नवा म्युझिक सिस्टीम. बसवणारा घाईत मीटरच्याच वायरीची साल काढतो आणि जोड मारतो. टुरिस्ट गाड्यांत स्पीड गव्हर्नर असतो, तो वेगाच्या सेन्सरच्या वायरीतून सिग्नल घेतो; वेगाचा काटा थरथरत असेल तर आधी तो जोड बघा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीतही जोडांची संख्या वाढलेली असते. मीटरचा त्रास अशी वस्तू बसवल्यानंतरच्या महिन्याभरात सुरू झाला असेल तर ती सरळ सोडवून चार दिवस गाडी चालवा.

एकच काटा चुकतोय तेव्हा

इथे मोबाइलला जोडायचा साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल फार उपयोगी पडतो. इंजिन गरम झाल्यावर मोबाइलवर तापमान ९० अंश दिसतंय आणि काटा मात्र थंडवर, तर सेन्सर बरोबर आहे, ईसीएम बरोबर आहे, दोष मीटरकडे. मोबाइलवरच उणे ४० दिसत असेल तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा कपलर निघालाय. वेगाचं तसंच. वेगाच्या काट्याबरोबर एबीएसचा दिवाही लागत असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची वायर बघा. पाण्यातून गाडी काढल्यावर तिथे चिखल आणि गंज बसतो.

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की धाडकन शून्य होतो आणि पुन्हा वर येतो, आणि दर वेळी त्याच जागी, तर टाकीतल्या फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या भागाचा, ट्रॅक तिथे झिजलाय. मीटरचा संबंध नाही. बऱ्याच गाड्यांत फ्लोटचा कपलर मागच्या सीटखाली मिळतो. पण तिथे पेट्रोलची वाफ असते, ठिणगी पडेल असं काही करू नका, टेस्ट लॅम्प तर नाहीच.

मीटर खरंच खराब असतो तेव्हा

असतो, नाही असं नाही. वीज, अर्थिंग, कॅन तिन्ही मोजून बरोबर, मोबाइलवर आकडे बरोबर, तरी काटा चुकीचा. किंवा मीटरच्या काचेवर बोट आपटलं की डिस्प्ले येतो-जातो. बऱ्याच गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की मीटर स्वतःची चाचणी घेतो. काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात. त्यात एखादा काटा अडखळला तर त्याची छोटी स्टेपर मोटर गेलीय. ती वेगळी बदलता येते. काटा उपटण्याआधी तो नेमका कुठे उभा आहे त्याचा फोटो काढा, नाहीतर नंतर वेग चुकीचा दाखवेल.

बोट आपटून येणारा दोष बहुधा कपलरच्या पिनांपाशी सोल्डरला गेलेल्या तड्याचा असतो. भिंगाखाली धरलं तर पिनेभोवती केसाएवढं वर्तुळ दिसतं. उन्हात तापलेला डॅशबोर्ड, मग एसीचा गारवा, हे वर्षानुवर्षं चालतं आणि सोल्डर चिरतो. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं नवा सोल्डर भरला की काम होतं. ज्यांना हात आहे त्यांनी करावं, साहित्य लॅमिंग्टन रोडला मिळतं. ज्यांना हात नाही त्यांनी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्यावं, पण वायरिंग आधी मोजून झाल्यावरच.

जुना मीटर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणून बसवायचा विचार असेल तर थांबा. त्यात किलोमीटर दुसऱ्या गाडीचे असतात, आणि काही गाड्यांत चावी ओळखणारा इमोबिलायझर मीटरमध्येच असतो, म्हणजे गाडी सुरूच होणार नाही. नवा बसवला तरी बहुतेक वेळा कोडिंग लागतं, म्हणजे संगणकावरून गाडीशी त्याची ओळख करून द्यावी लागते. मीटर बदललाच तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या. गाडी विकताना तोच कागद तुमच्या बाजूनं बोलेल.

गाडी पाण्यात उभी होती तर

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मला या कामात तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पाण्यात बुडालेल्या गाड्या आम्ही ओळीनं उघडत होतो. ज्या मालकांनी चावी फिरवून बघितली नाही आणि बॅटरी लगेच काढली, त्यांच्या गाड्या पुढे सावरल्या. ज्यांच्या गाड्या वाळल्यावर लगेच सुरू झाल्या म्हणून तशाच चालवल्या, त्या दिवाळीनंतर परत आल्या, कपलरच्या पिना गळून. ओल्या पिनेवर वीज असली की तांबं झिजत जातं, आणि मीटरची एक वायर तर गाडी बंद असतानाही जिवंत असते. म्हणून हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुठेही दाराच्या खालच्या कडेच्या वर पाणी आलं असेल तर पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह काढणं. मग कारपेट, मग कपलर एकेक उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुणं आणि पूर्ण वाळवणं.

आणि चालत्या गाडीत मीटर गेला तर ‘नेहमीचंच आहे’ म्हणून हायवेवर तसंच पुढे जाऊ नका. त्या वेळी इंजिन तापलं किंवा ऑइल उतरलं तरी तुम्हाला कळणार नाही. डाव्या लेनमध्ये या, थांबा.

मुलुंडच्या बाई आता मे संपताना वायपरखालची जाळी स्वतः साफ करतात. या जुलैत त्या पुढचे ब्रेकपॅड बदलायला आल्या होत्या. तेवढ्यात मी प्रोब लावून घेतली: ब्लोअर पूर्ण, लाइट चालू, बाहेर धो धो पाऊस. ०.०५ व्होल्ट.